चार आण्याची पेटी, बारा आण्याचा भाता

तुमच्या घरात ती असेल, तर कुठे असेल ते सांगू? माळ्यावर, सुटकेसच्या मागे. नाहीतर कपाटावर, आजीच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेली. नाहीतर सरळ दिवाणाच्या पोटात, गाद्यांखाली. काळपट तपकिरी खोकं, बाजूला पितळी कड्या, समोर चार-सहा गोल खटके आणि मागे एक भाता, जो उघडला की आधी शिंक येते. आजोबांची पेटी. दुकानाच्या पाटीवर तिला हार्मोनियम म्हणतात, घरात ती पेटीच असते.

एरवी तिचं कुणाला काही पडलेलं नसतं. विषय निघतो तो बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते तेव्हा, किंवा गावचं घर विकायला काढतात तेव्हा. फॅमिली ग्रुपवर फोटो पडतो आणि पंधरा मिनिटांत मेसेज यायला लागतात. काका म्हणतात, ऑनलाइन टाका, कुणीतरी उचलेल. आत्या म्हणते, बाबांची पेटी विकायची नाही हां! (आत्या ती नेणार नसते, तिच्या वन बीएचकेमध्ये जागा नाही.) चुलतभाऊ नुसता हार्टचा इमोजी टाकतो. आणि शेवटी आई लिहिते, "आपल्याकडे आणून ठेवू, बघू पुढे."

जिंकतं ते हे 'बघू पुढे'. पेटी एका माळ्यावरून उतरते आणि दुसऱ्या माळ्यावर चढते. घोंगडं भिजत पडतं.

या लेखाची बाजू आधीच सांगून टाकते. पेटी दुरुस्त करा, विका, कुणाला देऊन टाका, यातलं काहीही चालेल. फक्त 'बघू पुढे' नको. कारण पेटी ही चांदीच्या ताम्हनासारखी वस्तू नाही, की ठेवली आणि तशीच राहिली. तिच्या आत चामडं आहे, ते वाळून कडक होतं. पुठ्ठा आणि कापड आहे, त्यावर झुरळं आणि उंदीर ताव मारतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि कुठे वाळवी लागली तर विषयच संपला. वाजत्या पेटीतून हवा खेळती राहते, काय बिघडलं ते वाजवणाऱ्याला तेव्हाच कळतं. बंद पेटीत सगळं गुपचूप होत राहतं. दहा वर्षांपूर्वी थोडक्यात झाली असती ती दुरुस्ती आज भाताच बदलण्यावर आलेली असते. म्हणजे निर्णय पुढे ढकलला, तरी एक निर्णय होतच असतो. तो तुमच्याऐवजी उंदीर घेतात.

आधी फडकं, मग फोन

फोटो काढून किंमत विचारण्याआधी एक रविवार सकाळ तिला द्या. सगळ्यात आधी कोरडं फडकं आणि मऊ ब्रश. ओलं काही नको, तेल तर अजिबात नको. घरातलं कुणीतरी 'थोडं खोबरेल सोड, पट्ट्या मोकळ्या होतील' असं हमखास सांगेल. ऐकू नका. तेलावर धूळ बसते आणि तिचा चिखल होतो.

आता सगळे खटके बंद करा आणि कुठलीही पट्टी न दाबता भाता मारा. तीन-चार वेळा मारल्यावर भाता जड वाटायला लागला, पुढे सरकेना, तर अभिनंदन. पेटी हवा धरून ठेवतेय. फुस्स करत अलगद मिटत गेला तर कुठेतरी गळती आहे. कान जवळ नेलात तर बऱ्याचदा कोपरा सापडतोही. भात्याच्या घड्यांच्या टोकाला चामडं सगळ्यात आधी फाटतं.

मग खटके एकेक करून उघडा. पट्टी न दाबताच एखादा सूर भोंग्यासारखा वाजायला लागला, तर घाबरू नका. प्रत्येक पट्टीच्या खाली आत एक झडप असते, तिला चामडं लावलेलं असतं आणि स्प्रिंग तिला दाबून धरते. झडप नीट बसली नाही की हवा निसटते आणि सूर आपोआप वाजतो. स्प्रिंग सैल झालेली असते किंवा चामड्याखाली कचरा अडकलेला असतो. हे किरकोळ काम आहे.

आता डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत जा. मुकी पट्टी लागली की लोकांना वाटतं, सूर गेला. सहसा गेलेला नसतो. पेटीचा 'सूर' म्हणजे पितळेची एक पातळ जिभली, एका चौकटीवर एका टोकाला रिव्हेट केलेली. हवा आली की ती फटीतून वरखाली थरथरते आणि आवाज होतो. जिभली आणि चौकट यांच्यातली फट इतकी बारीक असते, की धुळीचा एक कणही तिला गप्प करतो. कारागीर कागदाची पातळ पट्टी सरकवून तो काढतो. नखाने उचलून बघायचा मोह टाळा. जिभली एकदा वाकली की तिचा स्वर बदलतो, आणि मोडली की जोडता येत नाही.

एवढं केलं की तुमच्या हातात एक यादी येते. कुठल्या पट्ट्या मुक्या, कुठल्या आपोआप वाजतात, भाता किती गळतो. ही यादी कागदावर लिहा. कारागिराकडे जाताना 'जुनी आहे, बघा जरा' म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला वेगळं उत्तर मिळतं, आणि 'खालच्या सप्तकातली काळी दोन मुकी आहे, भात्याचा डावा कोपरा गळतोय' म्हणणाऱ्याला वेगळं.

बेसूर आहे की पट्टीच वेगळी आहे?

यातच एक गंमत आहे आणि इथेच बऱ्याच पेट्यांचं नुकसान होतं. तुम्ही फोनवर ट्यूनर ॲप उघडता, मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबता, आणि ॲप म्हणतं, तीस सेंट वर. म्हणजे जवळपास एक तृतीयांश अर्धस्वर चढी. मग पुढची पट्टी दाबता. तीही तेवढीच वर. निष्कर्ष: पेटी पार बेसूर.

तसं नाही. सगळेच सूर सारख्याच अंतराने वर किंवा खाली असतील, तर पेटी बेसूर नसते. ती वेगळ्या उंचीला लावलेली असते. पांढरी सहा म्हणजे 440 हे आज सगळीकडे गृहीत धरतात, पण जुन्या पेट्या त्याच मापाने लावलेल्या असतील असं नाही. अशा पेटीवर तुम्ही गाऊ शकता, तबलजी आपला तबला तिच्याशी मिळवून घेऊ शकतो. अडचण येते ती फक्त कीबोर्ड, गिटार किंवा दुसऱ्या पेटीबरोबर वाजवताना.

मग ती 440 ला आणायची का? आणता येते. पण त्यासाठी प्रत्येक जिभली कानसावी लागते. टोकाजवळ घासली की सूर चढतो, मुळाजवळ घासली की उतरतो. दोन्हीकडे धातू कमीच होतो, परत काही येत नाही. 39 पट्ट्यांच्या दुहेरी सुरांच्या पेटीत 78 जिभल्या असतात, तिहेरीत 117. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवायची म्हणून आजोबांच्या पेटीच्या सगळ्या जिभल्या खरवडून घ्यायच्या की नाही, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर, आपापसात जुळलेली पेटी तशीच राहू द्यावी आणि बँडसाठी कीबोर्ड वापरावा. पण काही सूर इकडे, काही तिकडे असे विस्कटलेले असतील, तर मात्र जुळवणी करून घ्यायलाच हवी.

खर्चाचं गणित

म्हण आहे ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पेटीच्या बाबतीत हे शब्दशः खरं होऊ शकतं. भाता नवा, झडपांचं चामडं नवं, स्प्रिंगा, सुरांची जुळवणी, वर पॉलिश. या सगळ्याची बेरीज एखाद्या शिकाऊ नव्या पेटीच्या किमतीला जाऊन भिडते. मग लोक म्हणतात, त्यापेक्षा नवीनच घेऊ की.

हे गणित मांडताना दोन गोष्टी बघा. पहिली, सगळं एकदम करायची गरज नसते. हवेची गळती आणि झडपा, एवढं आधी करून घ्या. पेटी वाजायला लागेल. मग महिनाभर ती घरात ठेवून बघा, कुणी हात लावतं का. कुणी लावला, तर पुढचा खर्च करा. पॉलिश सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच. घासून चकाचक केलेल्या पेटीवरचा दुकानाचा जुना शिक्का, पत्ता, आजोबांनी पेनने लिहिलेलं नाव, सगळं कानशीच्या कागदाखाली जातं. चमकणारी पेटी फोटोत भारी दिसते, पण ती कुणाची होती हे सांगणारं काही उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे किंमत नेमकी कशात आहे. व्हायोलिनबद्दल आपण ऐकलेलं असतं की जितकं जुनं तितकं महाग. पेटीचं तसं नाही. तंबोरा किंवा सतार असेल तर भोपळा आणि लाकूड हेच तिचं शरीर आणि तोच तिचा आवाज. मिरजेचे कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा पारखून घेतात तो त्यासाठीच, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही या कारागिरीसाठी. (तुमच्या माळ्यावर पेटीऐवजी तंबोरा असेल, तर सरळ मिरजेला फोन करा. जवारी परत काढता येते. भोपळ्याला तडा गेला असेल, तरी तिथल्या माणसाने बघितल्याशिवाय आशा सोडू नका.) पेटीत मात्र जीव असतो तो सुरांमध्ये. खोकं सागवानी असेल तर उत्तम, पण खोकं नवं बनवता येतं.

हे दुकानदाराला माहीत असतं. तुम्हाला माहीत नसतं. आज आपल्याकडच्या पेट्यांमध्ये बहुधा गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर असतात आणि त्यात चांगलेही असतात. पण जुन्या पेट्यांमध्ये कधीकधी पॅरिसचे किंवा जर्मनीचे सूर निघतात, आणि वाजवणारे लोक त्यांच्यासाठी जीव टाकतात. त्यामुळे होतं असं, की जुनी पेटी 'खोक्याच्या भावात' घेतली जाते, तिचे सूर काढून नव्या खोक्यात बसवले जातात आणि नवी पेटी भरपूर जास्त दराने विकली जाते. यात फसवणूक असतेच असं नाही, त्या सुरांना नवं आयुष्य मिळतं हेही खरं. पण तुम्ही काय विकताय हे तुम्हाला ठाऊक हवं. म्हणून सौद्याआधी पेटी एकदा उघडून घ्या, आणि सूर कुठले आहेत ते वाजवणाऱ्या एखाद्या माणसाकडून बघून घ्या, दुकानदाराकडून नव्हे. नुसत्या ठशावर जाऊ नका, ठसा मारणं कठीण नसतं.

दुरुस्तीला देतानाही हेच. सुरांच्या फळीचे जवळून, नीट उजेडात फोटो काढा आणि कारागिरासमोरच काढा. त्याला राग येणार नाही. चांगला कारागीर उलट स्वतःच म्हणेल, काढून ठेवा. आणि जिथे पूर्वी सरस लावलेला आहे तिथे फेव्हिकॉल लावू नका, असं त्याला सांगायला लाजू नका. सरस ऊब आणि ओलावा दिला की सुटतो, पुढच्या कारागिराला भाग वेगळे करता येतात. फेव्हिकॉलने चिकटवलेला भाग पुढच्या वेळी लाकूड फाडूनच निघतो.

रेडिओने हाकललेलं वाद्य

"पण पेटी म्हणजे काय, साथीचं वाद्य," असं कुणीतरी म्हणेलच. हे म्हणणारे एकटे नाहीत. पेटीइतका अपमान आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या वाद्याचा झाला असेल असं वाटत नाही.

मूळची ती फ्रान्सची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिकडे तयार झाली, पायाने हवा भरायची, खुर्चीवर बसून वाजवायची. आपल्याकडे गाणं बसून, जमिनीवर. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 मध्ये हाताने भाता मारायची पेटी बनवली आणि मग ती देशभर पसरली. महाराष्ट्रात तर संगीत नाटकाने तिला आणि तिच्या मोठ्या बहिणीला, ऑर्गनला, डोक्यावर घेतलं. 1911 मध्ये 'मानापमान' आलं, त्याच्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे स्वतः अव्वल पेटीवादक. पु. ल. देशपांडे पेटी किती प्रेमाने वाजवायचे हे आजी-आजोबांना विचारा, ते अर्धा तास बोलतील. गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर पेटीच्याच जोरावर पद्मश्रीपर्यंत पोचले.

आणि तरी 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. आक्षेप असा, की पेटीला मींड काढता येत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि तिचे बारा ठरीव स्वर आपल्या श्रुतींना न्याय देत नाहीत. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हता. पण बंदी उठायला, तीही आधी अर्धवट, 1971 उजाडलं. तीसेक वर्षं.

आता हिशेब करा. तुमच्या आजोबांनी किंवा पणजोबांनी पेटी घेतली ती बहुधा याच काळात. म्हणजे देशाचा रेडिओ ज्या वाद्याला दारात उभं करत नव्हता, ते वाद्य एका कारकुनाने, शिक्षकाने किंवा गिरणी कामगाराने पगारातून पैसे साठवून घरात आणलं. कशासाठी? आरतीसाठी. गुरुवारच्या भजनासाठी. मुलीला शिकवायला मास्तर यायचे म्हणून. रात्री जेवणं झाल्यावर एक नाट्यगीत म्हणून बघावं म्हणून. पेटी जिवंत ठेवली ती या घरांनी, भजनी मंडळांनी आणि कीर्तनकारांनी. तुमच्या माळ्यावरचं खोकं त्यातलं एक आहे. एवढ्याने ती विकू नये असं मुळीच नाही. पण 'साधी साथीचीच पेटी' म्हणून ती भंगारात जाऊ नये, एवढं तरी वाटायला हरकत नाही.

विकायची ठरली तर

विकणं म्हणजे गद्दारी नव्हे, हे आधी स्वतःला सांगा. घरात कुणी वाजवणारं नाही, सेमिस्टरची फी भरायची आहे, नव्या घरात जागा नाही, ही कारणं पुरेशी आहेत. आजोबांना पेटी प्रिय होती ती वाजत होती म्हणून. ती दुसऱ्या कुणाच्या घरी वाजत असेल, तर त्यात त्यांचा अपमान कसला?

फक्त आधी बघा, पेटी तुमची आहे का. प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण बऱ्याच घरांत इथेच ठिणगी पडते. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या मालमत्तेत आजीचा, मुलांचा आणि मुलींचा सारखा वाटा येतो. पेटीही त्यातच. म्हणजे 'विकायची नाही हां' म्हणणाऱ्या आत्याचा हक्क खरा आहे, तिच्या फ्लॅटमध्ये जागा असो वा नसो. कायदा सोडा, तिला विचारून बघा की तिला पेटी का ठेवायची आहे. कित्येक घरांत पेटीवर सगळ्यात जास्त हात मुलींचाच फिरलेला असतो. मास्तर तिच्यासाठीच यायचे. परीक्षा तिनेच दिल्या. आणि मग लग्न झालं, पेटी माहेरीच राहिली, कारण पेटी 'बाबांची' होती. हे तुम्हाला ठाऊक नसतं, कारण तुम्ही कधी विचारलेलं नसतं. विकण्याआधी आत्याला एकदा घरी बोलवा, पेटी समोर ठेवा आणि फोनचा रेकॉर्डर चालू करा. ती म्हणेल, आता काही येत नाही मला. पाच मिनिटं थांबा.

मग पांढऱ्या पट्ट्या नीट बघा. परदेशातून आलेल्या फार जुन्या पेट्या-ऑर्गनच्या पट्ट्यांवर हस्तिदंताचा पातळ थर असू शकतो. बऱ्याचदा तो दोन तुकड्यांत लावलेला असतो, काळ्या पट्टीचं टोक जिथे संपतं त्या रेषेत बारीक सांधा दिसतो. सेल्युलॉइड किंवा प्लास्टिक असेल तर असा सांधा सहसा नसतो. हस्तिदंताचा नुसता संशय जरी आला, तरी विक्रीची जाहिरात टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे, आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही. आधी वनविभागाकडे विचारा. अमेरिकेतला चुलतभाऊ 'मी घेऊन जातो' म्हणाला, तर आणखी एक गोष्ट. 100 वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. पेटी तेवढी जुनी असण्याची शक्यता दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी खात्री करून घ्यावी लागते. बहुतेकांच्या पेट्या एवढ्या जुन्या नसतात, पण विमानतळावर हे कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

विकायची कुणाला? दुकानात दिली तर काम एका तासात होतं आणि पैसे सगळ्यात कमी मिळतात. ऑनलाइन टाकली तर 'लास्ट प्राइस?' विचारणारे वीस जण येतात आणि त्यातला एक खरा असतो. माझी पसंती वाजवणाऱ्याला. तुमच्या भागात संगीत शिकवणारं कुणीतरी असतंच, भजनी मंडळ असतं, कॉलेजचं सांस्कृतिक मंडळ असतं. तिथे शब्द टाका. शिकणाऱ्या मुलांना चांगली जुनी पेटी परवडणाऱ्या पैशांत मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे शिक्षकांना विचारा. दोन पैसे कमी आले तरी पेटी कुठे गेली ते तुम्हाला कळेल. म्युझियमला देऊ, असंही कुणी सुचवेल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं फार सुंदर दालन आहे, जरूर बघून या. पण संग्रहालयाला दुर्मीळ वस्तू लागतात आणि घरोघरच्या पेट्या दुर्मीळ नाहीत, हेच तर त्यांचं वैशिष्ट्य.

मधला रस्ता

अजून एक पर्याय आहे, जो ग्रुपवर कुणालाच सुचत नाही. पेटी वापरायला द्या. विकत नाही, दान नाही, उसनी. वाजवायला शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला दोन वर्षांसाठी. एका कागदावर लिहून घ्या: पेटी कुणाची, कुणाकडे, कधीपर्यंत, किरकोळ दुरुस्ती कोण करणार, आणि सुरांना हात लावायचा झाला तर आधी कुणाला विचारायचं. खाली दोघांच्या सह्या, सोबत फोटो. यात आत्याची हरकत राहत नाही, आईचा 'बघू पुढे'ही जपला जातो आणि पेटी उंदरांच्या ताब्यात जात नाही. दोन वर्षांनी कुणास ठाऊक, तुम्हालाच ती परत हवी वाटेल. नाही वाटली, तर जो वाजवतोय त्यालाच विकत घेण्याबद्दल आधी विचारा.

आणि तुम्हालाच शिकायची असेल, पण 'आता या वयात कुठे' असं वाटत असेल, तर एक सांगते. वीस हे काही वय नाही. सुरुवातीला एक आरती पुरते. गणपतीत कॉलनीच्या मांडवात तबला वाजवणारे चार असतात, झांजा वाजवणारे चाळीस. पेटीवर बसायला मात्र नेहमी शोधाशोध असते. पेटीला सतारीसारखे तार टोचत नाहीत, बासरीसारखी फुंकर साधावी लागत नाही. पट्टी दाबली की सूर येतो. पुढे अवघड आहे, भयंकर अवघड आहे, पण दार उघडायला सोपं आहे. म्हणूनच ती इतक्या घरांत गेली.

फक्त हे सगळं करायला आत्ता, ऐन पावसाळ्यात बसू नका. ओल्या हवेत लाकूड फुगलेलं असतं, पट्ट्या एकमेकींना घासतात, अडकतात, आणि बऱ्यापैकी पेटीही निकामी वाटते. जुलैमध्ये बघितलेली पेटी भंगारात जाते आणि डिसेंबरमध्ये बघितलेली तीच पेटी वाजते. तोवर तिला जमिनीपासून उचलून कोरड्या जागी ठेवा, प्लास्टिकमध्ये गच्च बांधू नका, सुती चादरीत गुंडाळा, शेजारी डांबरगोळ्या ठेवा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की फडकं घ्या. भाता मारा. आणि आत्याला फोन लावा.